छायाचे अलंकार

मी अजिबात संशयी नवरा नाही. सातपूरच्या आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. म्हणून तर शहाण्णव साली माझ्या बायकोनं, छायानं, बाहेरून बी.ए. करायचं ठरवलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आल्हाद सरांची शिकवणी मीच लावून दिली. सर पिंपळगावच्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचे. ते इतके देखणे आहेत, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या जिन्यात दिवाच नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी मी दाराशी बूट काढत होतो, तर आतून सरांचा आवाज आला, "तुझं मुख चंद्रासारखं आहे."

"उपमा," छाया म्हणाली.

माझ्या हातातला बूट गळून पडला. वर याला उपमाही? आमच्याकडे तो रविवारीच होतो, तोही मी तीनदा मागितला तर.

"आणि तुझं मुख चंद्रच आहे?"

"रूपक."

मग कळलं, अलंकार चाललेत. पण उदाहरणाला याला मुखच सापडावं? भोपळा काय वाईट होता?

दुसऱ्या दिवसापासून मीही शिकवणीला बसू लागलो. सरांनी छायासाठी द्राक्षं आणली होती.

"वहिनी, अतिशयोक्ती सांगा."

छाया आठवत होती, तेवढ्यात मी म्हणालो, "सर चहाला बसले की गंगापूर धरणाची पातळी खाली जाते."

"वा! आणि उत्प्रेक्षा? त्यात 'जणू' येतं."

"सर असे ऐसपैस बसलेत, जणू या घराचं भाडं तेच भरतात."

सरांनी उठून माझा हात हातात घेतला. मी टोमणे मारत होतो आणि हा माणूस ते लिहून घेत होता. आठवडाभरात ते माझ्याकडे तोंड आणि छायाकडे पाठ करून बसायला लागले. द्राक्षंही माझ्याच हातात यायला लागली.

शेवटी छायानं पुस्तक मिटलं. "सर, उद्यापासून येऊ नका. यांना एवढं येतंय, तर हेच शिकवतील."

मी जिंकलो होतो. जेवताना दोन पोळ्या जास्तच गेल्या. ताट उचलताना छाया म्हणाली, "अहो, उद्या श्लेष घेऊ. मी नापास झाले तर सासूबाईंना तुम्हीच सांगायचं."

श्लेष कशाशी खातात, हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा ऑफिस सुटलं, की मी आधी गुपचूप वर जाऊन सरांकडे धडा शिकायचो आणि मग खाली येऊन तोच छायाला शिकवायचो.

पंधरवड्यानं छायानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "हल्ली रोज उशीर होतो. ऑफिसात कुणी नवीन बाई आलीय का?"

खरं सांगितलं असतं, तर आल्हाद सर पुन्हा खाली आले असते.

मी म्हणालो, "हो."