शनवारी कळ दाबायची कोणी

शनवारी आमचा शेजारी सॅमसन चूल पेटवत नाही, दिवा लावत नाही, एस्टीत बसत नाही. त्याचा धर्म ज्यूंचा, शनवारी काम वर्ज्य. पण शुक्रवारी दुपारी लावलेला त्याचा कॉम्प्युटर शनवारभर घरघरतो. मला म्हणतो, "मी कुठं काम करतोय, आबा? मशीन करतंय. मशीनला धर्म नाय."

पेणच्या रामवाडीत आमची दारं समोरासमोर. मी दुसरी शिकलोय, पण धरमतरच्या मिठागरावर चाळीस वर्षं पाणी खेळवलंय, तेव्हा मला कोणी शिकवायला येऊ नये. सॅमसन येतो. तो रोह्याच्या एका केमिकल कंपनीसाठी गणितं करतो. भांड्यातला माल ढवळणारा पंखा बंद पडला, तर माल किती वेळात भडकेल? माल जितका तापतो तितका आणखी जोरात तापत जातो, म्हणून मशीन बारकी बारकी पावलं टाकत हिशेब करतं. त्यासाठी त्यानं फ्लॉप्यांवर तयार गणितं आणलीत. त्याला लायब्ररी म्हणतो. पुस्तक एक नाही.

उत्तर आलं की म्हणणार, "पाऊल अर्धं करून बघू." दोन्ही वेळा तेच आलं तर खरं. ही खोड जेवतानाही. आमची म्हातारी आमटी देते, हा अर्धी वाटी पिऊन थांबतो, मग उरलेली अर्धी. "चव तीच, काकी. बरोबर आहे." एकदा तिनं मधेच वाटी काढून घेतली.

एका खेपेला गणित बिघडलं. तापल्या भांड्याची उष्णता आली उणे चारशे! "आबा, इतकं गार जगात काहीच नसतं." पाऊल अर्धं केलं, तर सहा हजार. चार दिवस दाढी नाही, आंघोळीची खात्री नाही. शेवटी सापडलं. भांड्यात एक क्रिया चुटकीसरशी होते, दुसरी रेंगाळते. दोघींना एकाच चालीनं हाकलं की मशीन कोलमडतं. लायब्ररीत त्यासाठी वेगळी रीत होती.

"हे अडेल गणित आहे, आबा. तुमच्यासारखं. कलानं घ्यावं लागतं."

"माझ्या कलानं कधी घेतलंस रे?"

शनवारी सकाळी नव्या रीतीची तपासणी चालू होती, अर्ध्या पावलानं. पडदा आकड्यांनी भरला की मशीन थांबतं, कळ दाबली की पुढं जातं. सॅमसन कळ दाबणार नाही, आणि मला 'दाबा' असंही म्हणणार नाही. तेही चालत नाही म्हणे. भिंतीकडं बघून बोलतो, "आज मशीन लई गप्प हाय."

"व्हय. बसू दे की. शनवार हाय."

"कोणी त्या बाजूनं सहज गेलं असतं तर..."

त्याला घाम फुटला की मग मी दाबतो.

दुपारच्या आत दोन्ही उत्तरं जुळली. पंखा बंद पडला की अकरा मिनिटांत माल भडकणार! कंपनीनं गार पाणी सोडायला अर्धा तास धरलेला. भांडं पुढच्या आठवड्यात भरायचं होतं, म्हणजे सोमवारी सांगितलं तरी चालणार होतं.

इतक्यात माझा जावई रघू डबा घेऊन दारात. त्याच कंपनीत दुसऱ्या शिफ्टला. "साहेब, नवं भांडं आजच भरतात. मीच हाय त्याच्यावर."

सॅमसन ताडकन उठला. कंपनीचा फोन आठवडाभर मेलेला.

"मला सांग, मी जातो," मी म्हटलं.

"तुमचं नि रघूचं कोण ऐकणार, आबा?"

राग आला, पण खरं होतं. त्यानं चपला घातल्या आणि रघूच्या आधी एस्टीत चढला.

संध्याकाळी परतला. "थांबवलं. गार पाण्याचा दुसरा पंप बसेपर्यंत भरणार नाहीत." आणि आमच्या ओट्यावर बसूनच राहिला. मग म्हणाला, "आबा, आज एस्टीत बसलो ते कोणाला सांगू नका."

माझ्या रघूचा जीव वाचवलास, त्यात लपवायचं काय, असं म्हणणार होतो. मग ध्यानात आलं, सांगणार तरी कोणाला? आईबाप मातीआड, भावंडं इस्रायलला. शनवार मोडला म्हणून त्याला रागावणारं पेणमध्ये एक माणूस उरलं नव्हतं.

म्हणून मीच काठी आपटली. "शनवारी एस्टीत बसतोस? विचारणारं कोणी नाय म्हणून मोकाट सुटलास? पुन्हा असं केलंस तर गाठ माझ्याशी हाय!"

त्यानं मान खाली घातली.

"चुकलं, आबा." आणि जरा सरकून जवळ बसला. "अजून थोडं बोला."