पाच जणांचा निरोप समारंभ

करोनाच्या दिवसांतल्या त्या निरोप समारंभाला सकाळी नऊच्या परिपत्रकात पन्नास माणसं चालत होती, अकराच्या परिपत्रकात वीस आणि एकच्या परिपत्रकात पाच. मंदार यवतमाळच्या त्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा. घट दर दोन तासांनी निम्मी होत होती, हे त्यानं ताडलं. या हिशोबानं तीन वाजता, ऐन समारंभाच्या वेळी, सभागृहात उणे अडीच माणसं बसवावी लागणार होती.

निवृत्त होत होते प्रयोगशाळेतले किसनराव राठोड. चौतीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला स्टेजवर खुर्च्या त्यांनी मांडल्या, पण एकीवरही कधी बसले नाहीत. "एकडाव बसून पाहतो मंदारसर, मंग खुशाल तांड्यावर जातो," ते म्हणाले होते. मंदारनं शब्द दिला होता.

"पाचात कोण कोण?" प्राचार्य कमलाकर देव यांनी विचारलं.

"तुम्ही अध्यक्ष, सचिवसाहेब पाहुणे, पद्मजा मॅडमचं प्रास्ताविक, माझं सूत्रसंचालन, इंद्रजितसरांचे आभार. झाले पाच. किसनकाका सहावे."

"मग आभार गाळा."

"आभार गाळता?" इंद्रजितसर उसळले. "मग लोकांनी उठायचं केव्हा, सर?"

मंदार स्वतः बाहेर राहायला तयार झाला. पण सूत्रसंचालक नसेल तर अध्यक्षांना बोलायला सांगणार कोण? शेवटी प्राचार्यांनीच तोडगा काढला. "खुर्चीवर किसनरावांचा फोटो ठेवा. फोटो माणसांत मोजत नाहीत."

खुद्द किसनराव दारावर होते. सहावा माणूस आत सोडायचा नाही, ही त्या दिवशीची ड्यूटी त्यांचीच होती. तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकचा पडदा, हातात ताप मोजायची बंदूक. "नियम हाय तं हाय," एवढंच ते म्हणाले. मंदारला त्यांच्याकडे पाहवेना.

फोटोला शाल पांघरली, हार घातला. इंद्रजितसरांनी त्याचं चित्र कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. चौथ्या मिनिटाला पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली. दहाव्या मिनिटाला दारात चौदा जण जमले. पुढे होत्या ग्रंथालयातल्या जया मॅडम, डोळ्यांना रुमाल लावून.

"थांबा, पाच झाले," किसनरावांनी बंदूक रोखली.

"अहो, आज तरी अडवू नका! किसनराव गेले ना!"

"कवा?" किसनराव दचकले. "मले तं कोणी सांगतलं नाही."

त्यांनी पडदा वर केला. जया मॅडम किंचाळल्या. आतून मंदार धावत आला. किसनरावांनी शांतपणे बंदूक स्वतःच्या कपाळाला लावली. सकाळपासून ती सगळ्यांनाच एकतीस अंश दाखवत होती. "एकतीस. या हिशोबानं तं गेलोच मी."

मग त्यांचं लक्ष दारावर चिकटवलेल्या परिपत्रकाकडे गेलं. ते त्यांनीच चिकटवलं होतं आणि चिकटवण्याआधी, सगळ्या स्टाफमध्ये एकट्यांनीच, शेवटपर्यंत वाचलं होतं.

"मंदारसर, कलम सात पाहा. समारंभाले पाच. शोकसभेले वीस."

मंदारनं मोजलं. आत पाच, दारात चौदा. "एकोणीस होतात, काका."

"आन् विसावा मी."

प्राचार्यांनी कलम सात दोनदा वाचलं. "बसतं नियमात," ते पुटपुटले. "पण मग शोकसभाच व्हायला हवी. उद्या चौकशी झाली तर?"

सगळे आत आले. किसनरावांनी खुर्चीवरचा फोटो उचलून मांडीवर घेतला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा स्टेजवरच्या खुर्चीत बसले. हात फिरवून त्यांनी तिचे दांडे तपासले, डगमगते का तेही पाहिलं.

"आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या," प्राचार्य म्हणाले. सचिवसाहेबांसकट सगळे उठले.

"काका, उठा," मंदार कुजबुजला.

"मी कायले उठू? मेलो तं मीच ना!"

एकोणीस जण माना खाली घालून उभे होते आणि किसनराव पायावर पाय टाकून बसले होते. दीड मिनिटानं प्राचार्य बसायला हळूच आपल्या खुर्चीकडे वाकले, तसं किसनरावांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

"आजून अर्धं मिनिट हाय, सर."