अजमानमध्ये कमी काहून आहे?

ज्या देशात आयकर नाही, त्या देशात पांढरीपांडे बारा वर्षं आयकर शोधत होते.

आमच्यासारखी माणसं शारजात उतरली, पहिला पगार अख्खाच्या अख्खा हातात पडला आणि आम्ही ऑफिसात मिठाई वाटली. पांढरीपांडे पहिला पगार घेऊन पुन्हा कॅशियरच्या खिडकीशी गेले.

"पूरा है?"

"पूरा है."

"कुछ काटा नहीं?"

"नहीं."

"क्यों नहीं काटा?"

कॅशियर बिचारा केरळचा. त्याने एवढ्या वर्षांत कापलेल्या पैशांची तक्रार ऐकली होती, न कापलेल्या पैशांची नव्हती.

यात त्यांचा फार दोष नव्हता. इथे येण्याआधी ते नागपूरला आयकर खात्यात होते. समोरचा माणूस आपलं उत्पन्न खरं सांगतोय यावर विश्वास न ठेवण्याचा त्यांना पगार मिळायचा. खातं सुटलं, सवय राहिली. "देसाई," ते मला सांगत, "सरकार आहे म्हणजे टॅक्स आहे. तो दिसत नाही, याचा अर्थ तो चांगला लपवला आहे."

मग ते तो शोधत. तेव्हा सुपरमार्केटात सुटे पैसे नसले की काउंटरवरचा पोरगा पंचवीस फिल्सऐवजी हातावर एक च्युइंगगम ठेवायचा. आम्ही ते तोंडात टाकून बाहेर पडायचो. पांढरीपांडे ते च्युइंगगम घेऊन तडक आमच्या घरी आले आणि त्यांनी ते टेबलावर पुराव्यासारखं ठेवलं. "सापडला," म्हणाले. "हाच तो."

शारजातल्या रोल्ला भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर होती. तो काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी आणि म्हाताऱ्या सासूबाईंसाठी नागपूरला परत गेल्या होत्या. पांढरीपांडे एकटेच राहायचे, इंडस्ट्रियल एरियात एसीच्या डक्ट बनवणाऱ्या कंपनीत हिशेब बघायचे आणि उरलेल्या वेळात जगावर लक्ष ठेवायचे.

त्यांच्या आडनावाने तिथे फार गोंधळ घातला. वॉचमन मोईदूला 'पांढरी' म्हणता येईना, म्हणून त्याने ते पाडूनच टाकलं. उरले पांडेजी. एकदा खालच्या मजल्यावरचे बनारसचे एक गृहस्थ आपल्या गावचा माणूस समजून त्यांना छटपूजेचं आमंत्रण देऊन गेले. पांढरीपांडे अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले. "देसाई, मी उत्तर प्रदेशचा आहे असं कोणीतरी पसरवून राहिलं आहे. कोणाचा फायदा असेल यात?"

माझी बायको मेधा सणावारी त्यांना पुरणपोळी द्यायची. ते दारातच विचारत, "वहिनी, आज काय विशेष?"

"होळी आहे ना!"

"ते आहेच. पण मला काहून?"

डबा मात्र धुऊन-पुसून परत यायचा, आणि आत चार बदाम असायचे. कोणाचं काही अंगावर राहायला नको. आमची इरा तेव्हा दहा वर्षांची. शारजातच वाढलेली, त्यामुळे मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. "अंकल, आय हॅव अ टेस्ट टुमॉरो," असं म्हणून ती पळाली की पांढरीपांडे हळूच मला विचारत, "ही इंग्रजीत काय लपवून राहिली?"

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, ते नागपूरला फोन लावायचे. पलीकडून वहिनी म्हणायच्या, सगळं ठीक आहे. फोन ठेवला की हे आमच्याकडे. "सगळं ठीक कसं असेल? काहीतरी एक तरी बिघडलेलं असतं नं, बाप्पा!"

तर असा हा माणूस, आणि त्याच्या कानावर अजमानची गोष्ट आली.

झालं असं की त्यांच्या ऑफिसातला मॅथ्यू शारजा सोडून अजमानला राहायला गेला. अमिरातीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणं म्हणजे तसं काही नाही, एक चौक ओलांडायचा. पण चौकापलीकडे सरकार वेगळं, म्युनिसिपालिटी वेगळी. भाडेकरारावर शिक्का मारताना ती भाड्याच्या काही टक्के फी घेते. मॅथ्यूने जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितलं की तिकडे भाडंही कमी आणि ही फीसुद्धा कमी.

संध्याकाळी पांढरीपांडे आमच्या सोफ्यावर. चहा समोर निवत होता.

"देसाई, अखेर सापडला. भाडेकराराची फी! हाच टॅक्स. बारा वर्षं मी दरवर्षी भरून राहिलो अन् ओळखला नाही." त्यांच्या चेहऱ्यावर हरवलेलं माणूस भेटल्याचा आनंद होता. मग तो हळूहळू मावळला. "पण अजमानमध्ये तो कमी आहे."

"मग चांगलंच आहे की. जा तिकडे."

"कमी काहून आहे?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी पुढचे कित्येक शुक्रवार माझी गाडी अजमानला गेली. पांढरीपांडे स्वतः गाडी चालवत नसत, कारण परीक्षेला बसल्यावर शेजारी बसलेला पोलीस विनाकारण हसला होता.

अजमानचा एजंट सलीम हा हैदराबादचा. गोड बोलणारा, आणि पांढरीपांडेंच्या दृष्टीने हाच त्याचा पहिला गुन्हा. त्याने एक फ्लॅट उघडून दाखवला. हवेशीर, गॅलरीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसत होती.

"पहले यहाँ कौन था?" पांढरीपांडेंनी विचारलं.

"एक फॅमिली थी साब. कॅनडा चली गई."

"कॅनडा क्यों गई?"

"अब साब... कॅनडा तो लोग जाते ही हैं."

"शारजा से भी जाते हैं. लेकिन इसी फ्लॅट से क्यों?"

सलीमने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राच्या पट्टीकडे पाहिलं.

त्यांनी नळ सोडून पाणी चाखलं. लिफ्टमध्ये एकदा माझ्याबरोबर आणि एकदा एकटे वर-खाली जाऊन आले. खालच्या किराणा दुकानात जाऊन मालकाला विचारलं, "यहाँ लोग खुश हैं?" मालकाने घाबरून विचारलं, "आप म्युनिसिपालिटी से हैं?" पांढरीपांडे माझ्या कानात कुजबुजले, "पाहिलं? म्युनिसिपालिटीला भिऊन राहिला. काहीतरी आहे."

येताना शारजाच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली, तशी त्यांनी मांडीवर थाप मारली. "हे पाहा! पैशात कमी घेतात अन् वेळात वसूल करतात." मला वाटलं, सुटलो. पण पुढच्या शुक्रवारी सकाळी बेल वाजली आणि हे तयार होऊन उभे. "यल्ला, चला देसाई. आज उलट्या बाजूने जाऊन पाहू."

मेधा म्हणायची, "तुम्ही त्यांना सरळ नाही म्हणून का सांगत नाही?" खरं सांगायचं तर मलाही मजा येऊ लागली होती. फ्लॅट पाहून झाला की आम्ही अजमानच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, एका इराणी माणसाच्या टपरीत चहा पीत बसायचो. पांढरीपांडे त्याच्याही चहाचा वास घेऊन मगच घोट घ्यायचे, पण घ्यायचे दोन कप.

आणि एका शुक्रवारी ते म्हणाले, "ठरलं. तोच समुद्राचा फ्लॅट. टोकन देऊन आलो, पाचशे दिरहम. म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये."

माझा विश्वास बसेना. "कमी काहून आहे, ते कळलं?"

"नाही कळलं," ते म्हणाले. "पण कधी कधी माणसानं टाकावा विश्वास."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी इतका चकित झालो की घरी जाऊन मेधाला दोनदा सांगितलं. संशय घ्यायची पाळी आता आमची होती.

तीन-चार दिवसांनी मी, नोकरी सोडून काढलेल्या माझ्या बेअरिंगच्या दुकानात असताना सलीमचा फोन आला. माझा नंबर पांढरीपांडेंनीच दिला होता.

"देसाई साब, पेपर तय्यार हैं. आप पासपोर्ट कॉपी लेके कब आ रहे?"

"फ्लॅट तो पांडेजी का है. मेरी कॉपी काहे के लिए?"

"सामने वाले फ्लॅट के लिए ना साब. उन्होंने दोनों का टोकन दिया. बोले, एक मेरा, एक मेरे भाई का. भाई की बच्ची है, उसको बड़ा कमरा चाहिए. इसी वास्ते तो हम बड़ा वाला रोक के रखे."

मी "बाद में बात करता हूँ" म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला मी चुकीचं बेअरिंग काढून दिलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते वरणाला फोडणी देत होते. मी सरळच विचारलं, "साहेब, सलीमचा फोन आला होता. दुसरा फ्लॅट कोणाचा?"

त्यांनी गॅस बंद केला. बराच वेळ पळी पुसत राहिले.

"तुम्हाला सांगणारच होतो," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता नं नेहमी, भाडं परवडत नाही. म्हटलं आधी मीच सगळं तपासून घेतो. पाणी, लिफ्ट, शेजारीपाजारी. तुमची फसवणूक व्हायला नको. मग सांगतो."

"अहो, पण इराची शाळा इथे आहे. मेधाच्या शिकवण्या या बिल्डिंगमध्ये आहेत. माझं दुकान इथून चालत."

"हो नं."

"तुम्ही जा. आम्ही येत जाऊ दर शुक्रवारी."

"हो. बरोबर आहे तुमचं." ते हसले, आणि मला ते हसू बघवेना. "माझंच चुकलं. विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. म्हणून नाही विचारलं."

मी जायला वळलो. ते म्हणाले, "बसा, वरण घ्या थोडं." मी बसलो. आमच्या घरी स्वयंपाक झालेला होता तरी पोटभर जेवलो. जेवताना आम्ही अजमानचा विषय काढला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी फ्लॅट सोडून दिला. टोकन बुडालं. बिल्डिंगमध्ये ज्याने विचारलं त्याला ते सांगत, "त्या एजंटचा मला पहिल्यापासून संशय होता." बिचारा सलीम! मी मोईदूसमोर मान हलवून दुजोरा दिला.

मग एका गुरुवारी, सूर्यास्ताची मगरिबची अजान नुकतीच झाली होती, ते आमच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. त्यांच्या हातात एका दोऱ्यात ओवलेल्या तीन किल्ल्या होत्या.

"या ठेवा तुमच्याकडे."

"गावाला निघालात?"

"नाही नं. इथंच आहे." त्यांनी घसा साफ केला. "मॅथ्यूच्या बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ गेले. एकटेच होते. दार फोडावं लागलं. म्हटलं, आपलं तसं नको. दार चांगलं सागवानी आहे, मालक नुकसानभरपाई मागेल." मेधा माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "आतली कडी आजपासून लावत नाही. सकाळी माझी हालचाल दिसली नाही, तर उघडून पाहा. एवढंच."

मेधाने हात पुढे करून किल्ल्या घेतल्या आणि देवघरातल्या खणात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आम्ही अजून अंथरुणात. बेल वाजली. मी धडपडत दाराकडे गेलो. उघडेपर्यंत पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. समोरचं दार मिटत होतं आणि आतून आवाज आला, "उठलो आहे!"

आम्ही ती बिल्डिंग सोडेपर्यंत हे रोज चाललं. नंतर नंतर मी दारापर्यंत जाणंही सोडलं. बेल वाजायची, बाहेरून "उठलो!" असा आवाज यायचा, आणि आतल्या खोलीतून इरा दात घासता घासता ओरडायची, "गुड मॉर्निंग अंकल! वी आर अप टू!"