नागमोडी चिन्हाची साफसफाई

हरीने त्या दिवशी बायकोला मदत करायचं ठरवलं. (तिने मागितली नव्हती.)

सुचेता भिवंडीच्या शाळेत मराठी शिकवते. जवळच्या कोन गावच्या राहीबाई धवलारीण, म्हणजे लग्नातल्या विधींची गाणी म्हणणाऱ्या. त्यांच्या नातीच्या लग्नात सुचेता हळदीपासून ठाण मांडून बसली आणि सगळे धवले फोनवर टिपून आली. तिचा पीएचडीचा प्रबंध त्या गाण्यांवरच उभा राहायचा होता. फोन भरला, तेव्हा हरी म्हणाला, "आण इकडे. प्रोग्रॅम लिहितो."

हरी काल्हेरच्या गोदामात क्लार्क. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा तो व्हिडिओ बघून शिकलेला, त्यामुळे आत्मविश्वास अफाट.

गाणी लॅपटॉपवरच्या आपल्या होम फोल्डरात, म्हणजे सगळ्या फायली असतात त्या मुख्य फोल्डरात, जावीत म्हणून त्याने पत्त्यात '~' हे नागमोडी चिन्ह टाकलं. टर्मिनलला, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीला, त्याचा 'होम फोल्डर' हा अर्थ आपोआप कळतो. पायथनला मात्र तो वेगळा समजावून सांगावा लागतो, आणि हरीने सांगितला नाही. पायथनने निमूटपणे '~' याच नावाचं नवं फोल्डर केलं, गाणी त्यात भरली आणि फोन रिकामा केला.

हरीला ती सापडली. त्याने ती उचलून योग्य जागी नीट ठेवलीसुद्धा. इथे थांबला असता तर निभावलं असतं. पण ते रिकामं '~' फोल्डर त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं.

"अहो, राहू द्या ना ते," सुचेता म्हणाली.

"पसारा नको!" (स्वतःचे मोजे सोफ्याखाली सारणारा हा माणूस.) त्याने टर्मिनलमध्ये '~' पुसायचा हुकूम सोडला. टर्मिनलला अर्थ पक्का ठाऊक. त्याने अख्खं होम फोल्डर धुऊन काढलं, धवल्यांसकट.

सुचेता ओरडली नाही. ताट वाढलं, जरा आपटून ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही माझं कधी ऐकलंच नाहीत." हे फक्त फोल्डरबद्दल नाही, एवढं हरीलाही कळलं.

रविवारी दोघं धवले पुन्हा टिपायला कोनला गेले. राहीबाईंनी सगळं ऐकून नकारार्थी मान हलवली. "लगीन न्हाय तं धवला न्हाय, पोरी. उगाच म्हनत न्हाय."

"आजी, प्लीज," हरी म्हणाला.

"तू गप रं. लगीन कोनाचा हाय, सांग गो."

सुचेताने हरीकडे पाहिलंही नाही. "माझं धरा. दुसरं."

राहीबाईंनी हरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुढे काही न विचारता गायला सुरुवात केली.