आभार ऱ्हायलं!

आमच्या गावात कुठलाही कार्यक्रम संपत आला की लोक खुर्चीखाली पायानंच चपला चाचपायला लागतात. कारण शेवटी आभारप्रदर्शन असतं, आणि ते आबा सुभेदार करतात. कुणी उठायच्या बेतात दिसलं की आबा दारात आडवे येतात आणि ओरडतात, "खाली बसा! आभार ऱ्हायलं!"

मग ते माईकवाल्याचे, सतरंज्या अंथरणाऱ्यांचे, वीज न गेल्याबद्दल वायरमनचे आभार मानतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी मध्येच न भुंकल्याबद्दल कुत्र्याचेही मानले. कुत्रं ऐकता ऐकता उठून गेलं. आम्हाला तेवढं जमत नाही. आबा एसटीतून उतरले की ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन सलाम ठोकतात. फौजेतून पेन्शनीत आले, पाठोपाठ बायको गेली. घरात आभार मानायला कुणी उरलं नाही, त्यामुळं सगळा साठा गावाच्या वाट्याला. मी शेजारी, त्यातून शाळामास्तर. जड शब्द पुरवायचं काम माझ्याकडं.

एके सकाळी आबा माझ्या अंगणात हजर.

"गुरुजी, भूतानचा पंतप्रधान पायउतार झाला. टीवीवर दावलं."

"बरं, मग?"

"मग काय? आभार ऱ्हायलं की त्येचं!"

"आबा, त्यांचा आणि आपल्या गावाचा संबंध काय?"

"सांजच्याला कळंल. तुमी निस्तं सूत्रसंचालन करा."

आबांनी इस्लामपूरच्या फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "मोठा फोटू टाक. सायेब चाललं म्हणून लिव. आन् भावपूर्ण काय तरी पायजे." आमच्याकडं फ्लेक्स लागतो तो वाढदिवसाला नाहीतर मयताला. फोटो, 'चालले' आणि 'भावपूर्ण' एवढ्यावरून त्या गड्यानं काय ते ओळखलं. दुपारी एसटी स्टँडवर फ्लेक्स झळकला: 'भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल : समस्त ग्रामस्थ.'

आपण शोकाकुल आहोत हे समस्त ग्रामस्थांना तिथंच कळलं. चहाच्या गाड्यावरची गाणी बंद झाली. वरच्या आळीच्या सोनाकाकूंनी मला वाटेत गाठलं.

"कोन गेलं वं गुरुजी?"

"गेलं कुणी नाही, काकू. भूतानचे आहेत ते."

"अगं बया! कराडच्या फुडं व्हय?"

संध्याकाळी आबांच्या ओसरीवर माणसं मावेनात. बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या. मधोमध खुर्चीवर पंतप्रधानांचा फोटो, आणि त्याच्यावर एक जाडजूड, पट्ट्यापट्ट्यांची, कडेला विरलेली शाल. मी आबांच्या कानात म्हणालो, "सत्काराला नवी शाल आणायची होती." आबांनी शालीची विरलेली कड नीट केली.

मी तोंड उघडायच्या आत सरपंच उभे राहिले. दशक्रियेच्या भाषणांचा त्यांना भलता सराव. "त्यांच्या जाण्यानं," त्यांनी आवाज कातर केला, "आपल्या तालुक्याचं कधीही भरून न येणारं..."

"आरं, जित्तं हायती त्ये!" आबा कडाडले. "खुर्ची सोडलीया, जीव न्हाई!"

एकच हशा पिकला. सुटलो म्हणून अर्धे लोक चपला शोधायला लागले.

"बसा जरा," आबा म्हणाले. ओरडले नाहीत, म्हणूनच सगळे बसले.

"फौजेत व्हतो तवा भूतानात रस्त्याच्या कामावर व्हतो. डोंगर खाली आला, मी मातीत गाडलो. तितल्या गावातल्या गड्यांनी हातानं उकरून मला भाईर काडलं. पाठीवर घिऊन दिसभर डोंगर उतरलं. मी थंडीनं लय कुडकुडाय लागलो, तवा एका बाईनं आंगावरची ही शाल काडून मला गुंडाळली. शुद्धीवर आलो त्यो दवाखान्यात. शाल आंगावर, मान्सं कवाच माघारी. नावं ठावं न्हाईत, गाव ठावं न्हाई. आभार कुणाचं मानू?"

ते फोटोकडं वळले. "तकडचं एवडं एकच नाव मला ठावं. टीवीवर दिसला की वाटायचं, ह्यो आपल्या वळकीचा. कवातरी ह्येच्याकडं निरोप धाडू. आता ह्योबी चालला. त्या मुलखात माज्या वळकीचं कोन ऱ्हायलं न्हाई."

ओसरीवर कुणी हललं नाही.

सोनाकाकू उठल्या. त्यांनी शालीवरून हात फिरवला. "आवं आबा, त्या बाईनं आमचं मानूस माघारी धाडलं. आमचं बी आभार कळवा की तिला."

मी माईक आबांपुढं धरला. त्यांनी तो घेतला, घसा खाकरला, हात जोडले. ओठ नुसते हलत राहिले. बऱ्याच वेळानं काकूंनी शालीची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. मग एकेकजण फोटोला नमस्कार करून बाहेर पडला. दारात कुणी आडवं आलं नाही.

आमच्या गावात त्या दिवशी पहिल्यांदाच कार्यक्रम संपला आणि आभार राहिले.