भोकाचा पैसा आणि देवमाणूस

जुन्या इंग्रजी नाण्यांतलं माझ्याइतकं अख्ख्या कोल्हापुरात कुणाला कळत नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगत असे! सांगत असे, म्हणजे साधारण चौऱ्याहत्तर सालापर्यंत. त्यानंतर नाण्यांचा विषय निघाला की मी पावसापाण्याची चौकशी करू लागतो.

त्या काळी आमच्या कचेरीत कुणाला घरात राणीछाप रुपया सापडला, की तो आधी माझ्या टेबलावर यायचा. मी भिंग डोळ्याला लावायचो, रुपया फरशीवर वाजवायचो, उगाच ‘हं’ म्हणायचो आणि भाव सांगायचो. भाव कसला, तोंडाला येईल तो आकडा! आमच्या जोतीराम शिपायाच्या आजीचा रुपया मी असाच नकली ठरवला. त्यानं तो वैतागून बोहारणीला देऊन टाकला. महिन्याभरानं ती बोहारीण कानात नव्या कुड्या घालून दारावर आली. जोतीराम अजून मला चहा विचारत नाही.

तर त्या साली पुण्याचा एक नाणेवाला व्यापारी स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला होता. मी माझा डबा घेऊन गेलो. त्यानं डब्यातली सगळी नाणी दोन मिनिटांत चाळली आणि डबा परत माझ्याकडं सरकवला.

“यात काही नाही. भोकाचा पैसा आहे का? सत्तेचाळीस सालचा?”

तरुण वाचकांसाठी सांगतो. महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा सरकारनं पैशाच्या मधला भाग गायब केला आणि नुसतं कडं लोकांच्या हातावर ठेवलं. तोच भोकाचा पैसा.

“नगाला दहा रुपये देईन,” व्यापारी म्हणाला. “सोमवारी सकाळी मी निघणार.”

“पन्नास आणतो!” मी म्हणालो.

माझ्याजवळ एकही नव्हता.

पण माझं डोकं! रस्त्यातच मला आठवलं. इचलकरंजीला माझा मेहुणा चनबसाप्पा, त्याचे चार यंत्रमाग. एकेका मागाला शंभर नटबोल्ट. आणि नटाखालची लोखंडी चकती, म्हणजे वायसर, विकत घेण्यापेक्षा भोकाचा पैसा स्वस्त पडायचा, म्हणून तिकडच्या लोकांनी नटाखाली सर्रास पैसेच घातलेले! म्हणजे सरकारनं टांकसाळीत पाडावेत आणि ते माझ्या मेहुण्यानं माझ्यासाठी वीस-पंचवीस वर्षं घट्ट पिळून ठेवावेत, असा तो योग होता.

“रविवारी तुझ्या माहेरी जाऊया,” मी घरी जाऊन म्हणालो.

“बरं वाटत न्हाई काय तुम्हाला?” बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता कुणी म्हणेल, सरळ मागायचे की! पण मी दाजी पडलो. दाजीनं मेहुण्याकडं घड्याळ मागावं, अंगठी मागावी. वायसर मागायचा? शिवाय मागितला तर तो कारण विचारणार, कारण सांगितलं तर भाव विचारणार, आणि भाव कळला तर वाटा मागणार. चनबसाप्पा मनानं मोठा, पण अंकगणितात पक्का.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ‘जरा कारखाना बघतो’ म्हणून शेडमध्ये गेलो. मागांचा असा खडखडाट, की स्वतःचा विचार स्वतःला ऐकू येईना. आणि नशीब बघा, तेवढ्यात वीज गेली! चारी माग गप्प झाले. मागवाले चहाला बाहेर पडले. जाताना गौस जॉबर म्हणाला, “बसा, सायेब. वीज यायला लागतोय अर्धा तास.” गौस म्हणजे चारी मागांची दुरुस्ती करणारा, पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. वीस वर्षं तिथंच. त्याची हत्यारांची पेटी त्यानं उघडीच ठेवली होती.

मी पाना उचलला.

पहिला नट निघाला. खाली पैसा! पण त्यावर वंगणाचा असा थर, की साल दिसेना. पेटीतल्या चिंधीनं घासू लागलो. “सत्तेचाळीस... सत्तेचाळीस...” असा जप करत घासला, तरी नुसतं काळं. मग विचार केला, घरी जाऊन चिंचेनं घासू. इथं फक्त काढायचे! एक नंबरचा माग, दोन नंबरचा, तीन नंबरचा. पैसा काढायचा, खिशात टाकायचा, नट पुन्हा जागेवर फिरवून ठेवायचा. वायसर नसला म्हणून काय झालं? नट तर आहे ना! यंत्रशास्त्रावर माझा तेवढाच अभ्यास होता.

चार नंबरच्या मागाकडं वळलो आणि भप्पकन दिवे लागले. मी पाना पेटीत टाकला, काळे झालेले दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि छताकडं बघत उभा राहिलो. मागवाले धावत आले. चनबसाप्पाही आला. कुणीतरी दारातून ओरडलं, “थांबा! माग चालू करू नगा!”

पण बटणं दाबली गेली होती.

एक नंबरच्या मागानं चार हेलकावे खाल्ले आणि त्याचा आडवा धागा नेणारा धोटा उडाला. उडाला म्हणजे सरळ चनबसाप्पाच्या डोक्यावरची टोपी घेऊन खिडकीबाहेर गेला! दोन नंबरचा दांडा निखळून ताण्यात घुसला. दोनशे धागे ताडताड तुटले. तीन नंबरनं नुसता मोठा आवाज केला आणि एकेक सुटा भाग जमिनीवर ठेवायला सुरुवात केली. चार नंबरचा माग मात्र शहाण्यासारखा चालत राहिला.

“कुनी केलं ह्ये?” चनबसाप्पाचा आवाज मागांच्या वर गेला. त्यानं वाकून बघितलं. “नट समदे ढिलं! गौस!”

दारात ओरडलेला माणूस गौसच होता.

“मालक, मी सकाळीच समदे आवळलेलं हुतं.”

“मग थांबा म्हनून का वरडलास? तुला ठावं हुतं म्हनूनच न्हवं?”

गौसनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घातली.

“बोल की!”

“चुकलं, मालक.”

“चुकलं? मंगळवारी माल द्यायचा हाय आनि चुकलं? उद्यापास्नं येऊ नगंस! वीस वर्सं झाली म्हनून काय डोस्क्यावर बसवू तुला?”

वाचकहो, खिशात माझे हात होते आणि हातात ते पैसे होते. गौस पेटी आवरू लागला. एकेक पाना पुसून आत रचू लागला. माझ्याच्यानं बघवेना. मला लाज वाटली आणि आयुष्यात फार क्वचित करतो ते मी केलं. खरं बोललो!

“चनबसाप्पा, ते नट मी काढले.”

चनबसाप्पा माझ्याकडं बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले.

“बगा! बगा रं समद्यांनी! कचेरीतलं मानूस, नट कंच्या हातानं फिरवत्यात ते ठावं न्हाई, आनि एका गरिबाच्या पोटासाठी सवताच्या अंगावर घ्यायलेत!”

“अरे, खरंच मीच...”

“पुरं, दाजी! लई मोठं मन हाय तुमचं. मलाच लाज वाटाय लागली.” त्यानं मला करकचून मिठी मारली. माझे खिसे खणखणले. “खिशात काय वाजतंय हो?”

आता एवढंच करायचं होतं की हात बाहेर काढायचे. बस्स!

“किल्ल्या,” मी म्हणालो.

“दाजींच्या शब्दाखातर ठेवतो तुला, गौस. पाया पड त्यांच्या!”

आणि गौस वाकला हो! वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस. मी मागं सरकलो, तर त्यालाही लोक माझा विनयच समजले.

संध्याकाळी बायको माहेरी राहिली आणि मला एस. टी. स्टँडवर पोचवायला चनबसाप्पानं गौसला धाडलं. तो माझी पिशवी घेऊन पुढं चालत राहिला. मी मात्र पाऊस लांबल्याबद्दल दोनदा बोललो. स्टँडवर त्यानं माझी पिशवी बाकावर ठेवली आणि शेजारी आपला रुमाल पसरला.

“खिसा मोकळा करा, सायेब. सकाळच्या पाळीला माग चालू करायचे हाईत.”

मी एकेक पैसा रुमालावर ठेवला. शेजारून जाणारा कंडक्टर थबकला. “पावणं, द्यायचंच तर चालतं नाणं द्या की गरिबाला!” म्हणाला आणि पुढं गेला. मी मान वर केली नाही.

“तुम्ही बघितलं होतंत?” मी विचारलं.

“दारातनं. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस करत घासत हुतासा.”

“मग सगळ्यांसमोर का नाही बोललात?”

“मालकाच्या दाजीचा खिसा मी झाडायचा व्हय, मागवाल्यांच्या म्होरं?” त्यानं रुमालाची गाठ मारली. मग सदऱ्यातून एक पैसा काढून माझ्या तळहातावर ठेवला. “ह्यो सत्तेचाळीसचा. चार नंबरच्या मागाला हुता. मागायचा हुता की, सायेब. दिला असता.”

मी तो उजेडाला धरला. साल स्पष्ट होतं. भोक मात्र वेडंवाकडं.

“बोल्टात बसंनात, म्हनून समद्यांची भोकं कानशीनं मोठी केल्यात,” गौस म्हणाला. “चालंल न्हवं?”

कानशीनं घासलेलं नाणं! पुण्याच्या व्यापाऱ्यानं ते हातातही धरलं नसतं. एकही धरलं नसतं.

“चालेल,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

याला बारा वर्षं झाली. गौस त्याच कारखान्यात आहे. मागवाले त्याला अजून ‘ढिला नट’ म्हणतात. गल्लीतली पोरंसुद्धा म्हणतात. मला तिकडं देवमाणूस म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मुलाचं, निसारचं लग्न झालं. चनबसाप्पानं मला आग्रहानं नेलं आणि भर मांडवात मुलीकडच्यांना ती गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. “ह्या ढिल्या नटाला त्या दिशी दाजींनी वाचिवलं!” पाहुणे हसले. गौसही हसला, म्हणाला, “व्हय की.” निसार हसला नाही. तोंडावरचा सेहरा बाजूला सारून तो बापाकडं बघत राहिला.

तेव्हा मात्र मी ठरवलं. बस्स झालं! आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं. उठलोसुद्धा! घसा खाकरला!

सगळ्यांना वाटलं, दाजी आहेर करायला उठले. टाळ्या झाल्या.

मी अकरा रुपये दिले आणि खाली बसलो.