नावं संपली की उठायचं

समुद्रपूरचे आमचे शेजारी दादाराव पेंटर रीतसर तिकीट काढून थेटरात शिरतात, पडद्यावर येणारी नावं डोळे फाडून बघतात आणि नावं संपून पिक्चर सुरू झाला रे झाला की उठून बाहेर जातात.

मागे एकदाच त्यांच्यासोबत हिंगणघाटला गेलो होतो, तेव्हा मला वाटलं, काकांच्या पोटात दुखतंय. मागोमाग धावलो. तर हे समोरच्या टपरीवर चहाचे भुरके मारत बसलेले.

"काऊन जी मास्तर, तुमी काऊन उठले?"

"तुम्ही उठलात म्हणून!"

"मी त पेंटर आहो. मले नावं पाहाची राह्यते. तुमी जा, पिक्चर पाहा."

काकांचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. फ्लेक्स आले, ब्रश माळ्यावर गेले, पण अक्षरांवरची नजर काही हटली नाही. लग्नपत्रिका हातात दिली की मुहूर्त राहतो बाजूला, हे विचारतात, "या वेलांटीले कोनं मारलं जी?" एकदा आमच्या घरी टीव्हीवर पिक्चर लागला आणि माझ्या मुलीनं नावं वगळायचं बटण दाबलं. काका आठ दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत.

त्यांचं ठाम मत असं, की नावाच्या अक्षरांत सगळी गोष्ट असते. "लिहिणाऱ्याले शेवट मालूम राह्यते ना. हातातून निंगतेच." शिरोरेघ तुटकी, की घर फुटणार. वेलांटी सैल, की पोरगी पळून जाणार. उकार गोल, भरलेला असला तर बाप शेवटी माफ करणार.

याचा पडताळा घ्यायचं काम त्यांच्या बायकोकडे, शांताकाकूंकडे. काका उठताना त्यांच्या कानात शेवट सांगून जात, काकू पूर्ण पिक्चर बघत आणि परतीच्या एसटीत निकाल लागे. "हाव जी, केलं बाप्पा माफ त्या बापानं!" काकूंचा आवाज कंडक्टरपर्यंत जाई, आणि काका सगळ्या बसकडे विजयी मुद्रेनं बघत. तीस वर्षांत आपण एकदाही हरलो नाही, हे त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवलेलं.

मागच्या पोळ्याच्या आधी काकू गेल्या. काकांनी पिक्चर सोडला. अंदाज सांगायचा कोणाला आणि खरा-खोटा करायचा कोणी? चहाला येत, पण कप निवेपर्यंत नुसते बसून राहत. मला ते बघवेना. परवा जवळजवळ ओढतच त्यांना हिंगणघाटला नेलं. म्हटलं, "चला, शेवट मी बघतो."

नावं सुरू झाली आणि काका खुर्चीच्या टोकाला सरकले. काय आनंद झाला मला! नावं संपताच माझ्या कानाशी लागले, "दोघं भाऊ एक होते. पक्कं." आणि बाहेर गेले.

भाऊ कुठले एक होतात! वाटणी झाली, धाकटा गाव सोडून गेला, पिक्चर संपला. बस सुटली तसा घसा खाकरून म्हणालो, "जिंकलात काका! दोघं गळ्यात पडून रडले."

काका खदखदून हसले. "झूट! लहाना गाव सोडून गेला. थेटर सुटलं का सारी पब्लिक टपरीवरच येते, मास्तर. तिथंच समजते."

मी ओशाळलो. मग एकदम ध्यानात आलं. "म्हणजे काकूसुद्धा...?"

"तीस वर्सं. मी हरो, अन् ती मले जितवे."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कायले बोलू जी? तिचाच शेवट चांगला राहे."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मलाही गलबलून आलं. जाम गावच्या थांब्यावर बस थांबली. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि माझ्या मांडीवर थाप मारली.

"पन तुमाले जमत नाई मास्तर. तुमी परीक्षेचा रिझल्ट वाचल्यावानी सांगता. ती रडून दाखवे, गानंही म्हने. पुढच्या शुक्रवारी जरा जीव लावून सांगजा."